रसायन माशाच्या अंगात साठतं का? बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्कंडेय, घटप्रभा, मलप्रभा, हिरण्यकेशी, वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा. या नद्यांच्या काठानं खानापूरपासून निपाणीपर्यंत मराठी बोलणारी गावं आहेत. मी काही वर्षं माशांवर रसायनांच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलं आणि आता बेळगावात असतो, हे कळल्यापासून या गावांतून लोक विचारत असतात. कुणाच्या हातात कारखान्याच्या पिंपावरचा कागद असतो, कुणाकडे पाण्याचा रिपोर्ट. कागद इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो आणि प्रश्न मराठीत. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

नाल्यात मासे मरून तरंगले. म्हणजे त्यांच्यात रसायन साठलं होतं का?

बहुतेक वेळा नाही. सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो, म्हणून हा प्रश्न पहिला घेतला.

आपल्या भागात मासे एकदम मरतात ते बहुधा पाण्यातला प्राणवायू संपल्यामुळे. मळीमिश्रित पाणी किंवा शहराचं सांडपाणी नदीत आलं की त्यातल्या सेंद्रिय पदार्थांवर जिवाणू तुटून पडतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात आणि उजाडेपर्यंत काठाला खच पडतो. नुकसान भयंकर असतं, त्याची तक्रार व्हायलाच हवी, पण हे साठणं नव्हे. मळीतली साखर माशाच्या चरबीत जाऊन बसत नाही.

साठणारं रसायन याच्या उलट वागतं. मासा पोहत असतो, खात असतो, वाढत असतो, बाजारात ताजा टवटवीत दिसतो. त्याला काही झालेलं नसतं. त्याच्या अंगातलं प्रमाण मात्र आजूबाजूच्या पाण्याच्या हजारो पट झालेलं असतं. मेलेला मासा सगळ्यांना दिसतो, साठलेलं रसायन मोजल्याशिवाय दिसत नाही. म्हणून ‘मासे मेले नाहीत, म्हणजे नाला ठीक आहे’ असं कुणी म्हणालं, तर ते मान्य करू नका.

मग साठणं म्हणजे नेमकं काय?

आत येण्याचा वेग बाहेर जाण्याच्या वेगापेक्षा जास्त असणं.

रसायन माशाच्या अंगात दोन वाटांनी येतं: कल्ल्यांतून पाण्याबरोबर आणि तोंडातून खाण्याबरोबर. बाहेर जाण्याच्या वाटा जास्त आहेत. काही कल्ल्यांतूनच परत पाण्यात जातं, काही विष्ठेतून जातं, काहीचं यकृत रूपांतर करून टाकतं. मासा वाढत असेल तर तेच रसायन जास्त मांसात पसरतं आणि प्रमाण कमी झाल्यासारखं दिसतं.

अहवालांत यासाठी वेगवेगळी नावं येतात. फक्त पाण्यातून आलेल्याचा हिशेब म्हणजे बीसीएफ, मराठीत जैवसांद्रण गुणांक. माशातलं प्रमाण भागिले पाण्यातलं प्रमाण. हा प्रयोगशाळेतच नीट मोजता येतो, कारण तिथे मासे स्वच्छ खाद्यावर ठेवता येतात. नदीतल्या माशाला पाणी आणि खाणं दोन्हींतून मिळतं, तेव्हा त्या गुणोत्तराला बीएएफ म्हणतात. खाद्यातल्या प्रमाणाच्या किती पट माशात झालं, ते बीएमएफ. शेवाळापासून मरळीपर्यंत अख्ख्या साखळीत प्रमाण प्रत्येक पायरीला वाढतं की घटतं, ते सांगतो टीएमएफ. तो १ पेक्षा जास्त असेल तर वरच्या पायरीवरचा प्राणी धोक्यात असतो, आणि वरच्या पायरीवर आपणही बसलेलो असतो.

कागदावर ‘लॉग केओडब्ल्यू’ असतं. ते काय?

तांबड्या रश्श्याकडे बघा. मिरचीचा लाल रंग वर तर्रीत जातो आणि मीठ खाली पाण्यात राहतं. दोन्ही एकाच भांड्यात उकळले, पण एकाला तेल आवडतं, दुसऱ्याला पाणी.

प्रयोगशाळेत तेलाऐवजी ऑक्टॅनॉल नावाचा द्रव घेतात, कारण रसायनांना सामावून घेण्यात तो प्राण्यांच्या चरबीच्या बराच जवळ जातो. ऑक्टॅनॉल आणि पाणी एकत्र ठेवून रसायन दोन्हींत कसं वाटलं जातं ते मोजायचं. ऑक्टॅनॉलमधलं प्रमाण भागिले पाण्यातलं प्रमाण, हे गुणोत्तर म्हणजे केओडब्ल्यू. गुणोत्तर हजार आलं तर लॉग ३, दहा लाख आलं तर लॉग ६. बेंझिनचं साधारण २.१ आहे, डीडीटीचं ७ च्या जवळ. दोन्हींतलं अंतर सत्तर हजार पटींच्या आसपास जातं, हे त्या छोट्या आकड्यांवरून पटकन लक्षात येत नाही.

मोजणीची पद्धतही विचारावी. बाटली हलवून मोजण्याची जुनी पद्धत तेलाळ रसायनांना चालत नाही, कारण ऑक्टॅनॉलचे बारीक थेंब पाण्यात तरंगत राहतात आणि आकडा खोटा कमी येतो. तिथे हळू ढवळण्याची पद्धत वापरतात.

लॉग केओडब्ल्यू मोठा आला, म्हणजे साठतंच ना?

नाही. आणि छोटा आला म्हणजे साठत नाही, असंही नाही. मला या पानावर सगळ्यात जास्त पोटतिडकीनं सांगायचंय ते हेच. हा आकडा फक्त येण्याच्या ओढीबद्दल बोलतो. निचऱ्याबद्दल तो गप्प असतो.

दोन रसायनं शेजारी ठेवून बघू. प्लास्टिक मऊ करायला वापरतात ते डीईएचपी. त्याचा लॉग साडेसातच्या आसपास आहे. नुसत्या आकड्यावरून वाटेल की हे माशात ठासून भरणार. पण माशाचं यकृत त्याचे तुकडे करतं आणि मोजलेला बीसीएफ काही शेकड्यांतच राहतो. दुसरं हेक्झाक्लोरोबेंझिन. त्याचा लॉग साडेपाचच्या आसपास, म्हणजे शंभरेक पट कमी तेलाळ. पण बेंझिनच्या कड्याला सहाही जागी क्लोरिन चिकटलेलं असल्यामुळे माशाला ते जवळजवळ फोडता येत नाही. त्याचा बीसीएफ दहा हजारांच्या पुढे जातो. कमी तेलाळ रसायन जास्त साठलं, कारण त्याला बाहेरची वाट नव्हती.

फार मोठे रेणूही असतात. लॉग ६ ते ७ पर्यंत बीसीएफ चढत जातो आणि त्यापुढे उतरू लागतो. रेणू इतका अवजड किंवा इतका कमी विरघळणारा होतो की कल्ल्याचा पडदा ओलांडतच नाही. साधारण ७०० च्या पुढचं रेणुवस्तुमान आणि १७.४ अँगस्ट्रॉमच्या (रेणू-अणूंच्या मापाचं एकक) पुढचा सरासरी कमाल व्यास असेल तर शोषण कमी असण्याची शक्यता धरतात. पण हा नुसता इशारा आहे. ‘रेणू मोठा आहे, चाचणी नको’ एवढ्यावर कंपनीनं सुटू नये.

तिसरा प्रकार चरबीत जातच नाही. पीएफओएस हे त्याचं उदाहरण. डाग न पडणारे कपडे आणि आग विझवण्याचे फेस यांत ते वापरलं गेलं. त्याची एक बाजू पाण्याकडे आणि दुसरी दोन्हींपासून दूर पळणारी, साबणासारखा स्वभाव. ऑक्टॅनॉल आणि पाण्याच्या मध्ये ते फेस करून बसतं, त्यामुळे लॉग केओडब्ल्यू धड मोजताच येत नाही. ते प्रथिनांना चिकटतं आणि रक्तात व यकृतात सापडतं. चरबीचाच हिशेब करणाऱ्याच्या हातून ते निसटतं. २००९ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आलं.

खरी चाचणी कशी करतात?

जगभर ओईसीडी या प्रगत देशांच्या संघटनेची ३०५ क्रमांकाची पद्धत मानतात. तिची सध्याची आवृत्ती २०१२ ची.

झेब्राफिश, रेनबो ट्राउट, ब्लूगिल, मेडाका, गप्पी अशा माशांपैकी एक जात निवडतात. त्या यादीत कॉमन कार्पही आहे, म्हणजे आपल्या तळ्यांतला सायप्रिनस. जपाननं १९६८ मध्ये कोंड्याच्या तेलात पीसीबी (विजेच्या उपकरणांत वापरत ते क्लोरिनचं तेलाळ रसायन) मिसळून झालेली विषबाधा भोगल्यावर १९७३ मध्ये रसायनांचा कायदा केला. त्या कायद्याखाली त्यांनी शेकडो रसायनं याच सायप्रिनसवर तपासली. आज आपण कुठल्याही रसायनाचा जुना बीसीएफ शोधायला गेलो की पुष्कळदा तोच जपानी आकडा हाती लागतो.

चाचणीचे दोन टप्पे असतात. पहिल्यात मासे साधारण २८ दिवस रसायन असलेल्या पाण्यात राहतात. पाणी सतत वाहतं किंवा ठरावीक वेळानं बदललं जातं, आणि रसायनाचं प्रमाण सरासरीच्या २० टक्क्यांच्या आतबाहेर ठेवायचं असतं. दुसऱ्या टप्प्यात तेच मासे स्वच्छ पाण्यात जातात आणि अंगातलं रसायन किती वेगानं उतरतं ते बघतात. दोन्ही टप्प्यांत ठरलेल्या दिवशी निदान चार-चार मासे काढून संपूर्ण माशातलं प्रमाण मोजतात. रसायनाचं प्रमाण इतकं कमी ठेवतात की मासा आजारी पडू नये, म्हणजे मारक प्रमाणाच्या साधारण एक टक्का. आजारी माशाचे कल्ले आणि यकृत नेहमीसारखं काम करत नाहीत, आणि मग आकड्याला अर्थ उरत नाही.

कागदावर हे सरळ वाटतं. करताना खरी डोकेदुखी उरलेल्या खाद्याची असते. खाद्याचे कण आणि विष्ठा टाकीत राहिली की तेलाळ रसायन त्यांना चिकटतं. पाण्याचा नमुना तपासला की त्यात ते चिकटलेलंही मोजलं जातं, पण माशाच्या कल्ल्यातून ते जात नाही. पाण्यातला आकडा फुगतो आणि बीसीएफ खोटा कमी येतो. खाणं झाल्यावर अर्ध्या-एक तासात नळीनं सगळं ओढून घ्यायचं असतं. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत सलग दोन दिवस हे उशिरा झालं आणि महिनाभराची मेहनत मला पुन्हा करावी लागली. तेव्हापासून कुठलाही अहवाल हातात आला की मी पहिल्यांदा पाण्यातल्या सेंद्रिय कार्बनचा तक्ता काढतो, टाकीत खाद्य आणि विष्ठा किती राहिली ते त्यावरून कळतं.

२८ दिवसांत माशात साठून पूर्ण होतं का?

काहींचं होतं, काहींचं नाही. म्हणून दुसरा टप्पा माझ्या मते पहिल्यापेक्षा महत्त्वाचा.

हिशेब करून बघू. समजा मासा दररोज दर किलो वजनामागे ४०० लिटर पाण्यातलं रसायन आत घेतो आणि अंगातल्यापैकी दररोज दशांश भाग बाहेर टाकतो. मग बीसीएफ ४०० भागिले ०.१, म्हणजे ४०००. अर्धं रसायन उतरायला सात दिवस लागतात आणि भरण्याच्या बाजूनं ९५ टक्क्यांपर्यंत पोचायला ३० दिवस. २८ दिवसांची चाचणी इथे पुरते.

आता आत येण्याचा वेग तोच ठेवा आणि बाहेर जाण्याचा ०.०२ करा. बीसीएफ २०,००० होतो. अर्धं उतरायला पस्तीस दिवस, आणि ९५ टक्के भरायला १५० दिवस. इथे २८ व्या दिवशी मासा काढून नुसता भागाकार केला तर बीसीएफ ८,६०० च्या आसपास दिसेल, खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून अहवालात ‘स्थिर अवस्था गाठली’ असं लिहिलंय का ते बघावं, म्हणजे लागोपाठ तीन मोजण्या २० टक्क्यांच्या आत आल्या का. नसतील, तर दोन वेगांच्या भागाकारानं काढलेला बीसीएफ मागावा.

एकाच रसायनाचे दोन अहवाल, दोन वेगळे आकडे. खोटं कोण बोलतंय?

कदाचित कुणीच नाही. दोन गोष्टी तपासा.

पहिली चरबी. तेलकट तारली आणि कमी चरबीची मरळ यांच्या चरबीत किती फरक असतो, हे खाणाऱ्याला सांगायला नको. १० टक्के चरबीच्या माशात ४००० आलेला बीसीएफ ५ टक्के चरबीच्या माशाच्या मापात २००० होतो. तुलना करता यावी म्हणून सगळे आकडे ५ टक्क्यांवर आणतात. ही दुरुस्ती केली आहे की नाही हे अहवालात स्पष्ट लिहिलेलं असायला हवं.

दुसरी वाढ. कोवळा मासा दोन महिन्यांत दुप्पट झाला तर अंगातलं रसायन तेवढंच राहूनही प्रमाण निम्म्यावर येतं. मासा ते बाहेर टाकतोय असा भास होतो. वाढीचा वेग वजा केला की खरा निचरा दिसतो, आणि सावकाश उतरणाऱ्या रसायनांच्या बाबतीत तो कधी कधी जवळजवळ शून्य निघतो.

पाण्यात विरघळतच नसेल तर चाचणी कशी करणार?

खाद्यातून. लॉग ५ च्या वरच्या आणि पाण्यात फार कमी विरघळणाऱ्या रसायनांसाठी त्याच ३०५ मध्ये ही पद्धत आहे. एक-दोन आठवडे रसायन मिसळलेलं खाद्य द्यायचं, मग स्वच्छ खाद्य, आणि बीएमएफ काढायचा. तो १ पेक्षा जास्त आला तर शंका घ्यायला जागाच उरत नाही. १ पेक्षा कमी आला तरी सुटका नाही, कारण प्रयोगशाळेतल्या या परीक्षेत प्रसिद्ध साठणारी रसायनंही कधी कधी १ च्या खाली राहतात. तेव्हा निचऱ्याचा वेग बघावा लागतो.

गाळात जाऊन बसणाऱ्या रसायनांसाठी गाळातल्या किड्यांवर वेगळी चाचणी आहे. नाल्याच्या काठी राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: तेलाळ रसायनाचा मोठा वाटा पाण्यात नसतो, तळाच्या काळ्या गाळात असतो. तिथून तो किड्यांत, किड्यांतून खेकड्यांत, खेकड्यांतून ताटात येतो.

किती आकड्यापुढे ‘साठणारं’ म्हणायचं?

कुठल्या कायद्यासाठी विचारताय, त्यावर आहे. पिंपावरच्या इशाऱ्याच्या जागतिक पद्धतीत बीसीएफ ५०० किंवा, तो नसेल तर, लॉग ४ ही रेषा आहे. युरोपच्या कायद्यात २००० च्या पुढे ‘साठणारं’ आणि ५००० च्या पुढे ‘अतिशय साठणारं’. स्टॉकहोम करार ५००० किंवा लॉग ५ धरतो. तो २००१ मध्ये झाला आणि भारतानं २००६ मध्ये त्याला मान्यता दिली.

भारतानं ५ मार्च २०१८ च्या नियमांनी सात रसायनांवर बंदी घातली. त्यांत एचबीसीडी आहे, थर्माकोलच्या पत्र्यांना आग लागू नये म्हणून घालत ते. माशांत त्याचा बीसीएफ १८,१०० मोजला गेला होता. तो आकडा नुसत्या सूत्रातला नव्हता, माशावर मोजलेला होता, म्हणून त्यावर फार वाद घालता आला नाही.

२००० च्या रेषेच्या अलीकडे १९०० आणि पलीकडे २१०० आल्यावर जे भांडण होतं, ते मला पटत नाही. माशावरच्या चाचणीत एवढा फरक सहज पडतो.

एवढे मासे मारायलाच लागतात का?

कमी करता येतात आणि करावेत. माशाच्या यकृतपेशी किंवा यकृताचा अर्क घेऊन त्यात रसायन किती वेगानं फुटतं ते मोजण्याच्या दोन पद्धती ओईसीडीनं २०१८ मध्ये मान्य केल्या. त्या वेगावरून बीसीएफचा अंदाज बांधतात. रसायन झपाट्यानं फुटत असेल तर पूर्ण चाचणीची गरज बहुधा उरत नाही. फुटत नसेल तर टाकी भरावीच लागते.

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्री आणि प्लेटिंगची कामं चालतात. जस्त, तांबं, क्रोमियम यांचा बीसीएफ किती?

धातूंना हा आकडा लावूच नका. जस्त आणि तांबं माशाला जगायला लागतं. पाण्यात कमी असलं तर तो ओढून घेतो, जास्त झालं तर अडवतो. त्यामुळे पाणी जितकं स्वच्छ तितका बीसीएफ मोठा, असं उलटंच चित्र दिसतं. प्लेटिंगमधलं षट्संयुजी क्रोमियम घातक आहे, कामगारासाठी तर फारच, पण अन्नसाखळीत पायरीपायरीनं वाढत जाण्याचा त्याचा स्वभाव नाही. धातूंसाठी पाण्यातली, गाळातली आणि माशातली प्रत्यक्ष पातळी मोजावी आणि विषारीपणा वेगळा तपासावा.

पारासुद्धा धातूच ना?

हो, आणि तोच अपवाद. कारखान्यातून पारा कुठल्याही रूपात येवो, गाळातले प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू त्याचं मिथिल पारा करतात. तो प्रथिनांतल्या गंधकाला धरतो आणि स्नायूंत, म्हणजे आपण खातो त्या मांसातच बसतो. जपानमधल्या मिनामाताला १९५६ मध्ये हा आजार अधिकृतपणे नोंदवला गेला.  तिथल्या कोळ्यांनी रोजचेच मासे खाल्ले होते.

शहापूर, वडगावच्या विणकरांच्या साड्यांचे रंग नाल्यात जातात. पाणी लाल-निळं दिसतं. ते साठतं का?

डोळ्यांना सगळ्यात वाईट दिसतं ते, आणि साठण्याच्या दृष्टीनं पुष्कळदा सगळ्यात कमी. सुती आणि रेशमी धाग्याचे बरेच रंग पाण्यात विरघळावेत म्हणूनच बनवलेले असतात. त्यांच्या रेणूला सल्फोनेटचे गट असतात आणि त्यांना चरबी नको असते. पॉलिएस्टरचे डिस्पर्स रंग वेगळे. ते तेलाळ असतात, तिथे चौकशी करावी.

याचा अर्थ रंगीत पाणी सोडायला हरकत नाही, असा मुळीच घेऊ नका. रंगामुळे पाण्यात ऊन जात नाही, आणि काही अॅझो रंगांचे तुकडे कर्करोगकारक असतात. विणकरांना दोष देऊनही काही होणार नाही. मागावर बसणाऱ्याच्या हातात रंगाचं पुडकं येतं, त्यावर रसायनाचं नावसुद्धा धड नसतं.

पाण्याच्या रिपोर्टवर ‘आढळलं नाही’ आहे. मग मासे निर्धास्त खायचे?

‘आढळलं नाही’ म्हणजे यंत्राला दिसेल त्याहून कमी. यंत्राची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे आणि पाण्यात खरं ०.०५ आहे, असं धरा. रिपोर्ट कोरा येईल. बीसीएफ २००० असेल तर माशात किलोला १०० मायक्रोग्रॅम असेल, आणि ते त्याच यंत्राला सहज दिसेल. अशा रसायनासाठी पाण्याऐवजी मासा तपासून मागा. रिपोर्टवर मोजणीची मर्यादा लिहिलेली नसेल, तर तो अपुरा आहे असं लेखी कळवा.

माशात बीसीएफ कमी आला. माणसाला धोका नाही, असं म्हणता येईल?

नेहमी नाही. माशाला कल्ल्यातून मध्यम तेलाळ रसायन पाण्यात परत सोडता येतं. बगळ्याला, पाणमांजराला, गाईला आणि आपल्याला फुफ्फुसं आहेत. रसायन हवेत सहज उडून जाणारं नसेल तर ते श्वासातून बाहेर पडत नाही. लॉग २ ते ५ मधली अशी काही रसायनं माशांत फारशी वाढत नाहीत, पण हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्यांत वाढतात. बीटा-एचसीएच (लिंडेन या कीटकनाशकाबरोबर तयार होणारं रसायन) हे त्यांतलं एक. माशावरची चाचणी हा पुरावा आहे, पण अख्खी अन्नसाखळी त्यात येत नाही.

कारखान्यात कुठलं रसायन वापरतात ते कळलं, तर पुढे काय बघायचं?

सुरक्षा माहितीपत्रक मागा. सोळा भागांचं असतं. बारावा भाग पर्यावरणाचा, आणि त्यात साठण्याबद्दल एक ओळ असते. ती पुष्कळदा ‘माहिती उपलब्ध नाही’ अशी असते. ‘माहिती नाही’ आणि ‘साठत नाही’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, तो कुणी पुसू लागला तर पुसू देऊ नका. आकडा असेल तर मोजलेला की सूत्रानं काढलेला, कुठला मासा, किती दिवस, चरबी किती, हे विचारा. तिसऱ्या भागातला कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, उतरवून घ्या. व्यापारी नावं बदलतात, तो बदलत नाही.

कारखाना देत नसेल तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे २००५ च्या माहिती अधिकाराखाली अर्ज करता येतो. भाषेची अडचण मी समजू शकतो. माझ्या ओळखीच्या एका शेतकरी बाईंनी वर्षभर एक कागद पेटीत ठेवला होता, कारण तो वाचून दाखवायला कुणाला सांगायचं हेच त्यांना कळत नव्हतं. आकडे, एककं आणि कॅस क्रमांक सगळ्या भाषांत सारखे असतात. तिथून सुरुवात करा.

आम्ही मासे खाणं सोडायचं का?

मी सोडलेलं नाही. कारवार-गोव्याकडून कॅम्पातल्या फिश मार्केटात येणारा बांगडा वेगळ्या पाण्यातला आहे. त्याचा मार्कंडेयच्या नाल्याशी संबंध नाही. नदीच्या माशात, सांडपाणी मिसळतं त्या जागेच्या खालचे खेकडे आणि तळाशी चरणारे मासे टाळावेत. कातडी, पोटाकडची चरबी, यकृत काढून टाकलं तर चरबीत बसणारी रसायनं बरीच कमी होतात. पारा त्यानं कमी होत नाही. पीएफओएसही शिजवून जात नाही.

तपासणीला मासे द्यायचे तर कसे आणि किती?

एकाच जातीचे, साधारण एकाच मापाचे पाच-सहा मासे घ्या. शक्य असेल तर एक तळाशी चरणारी जात आणि एक दुसरे मासे खाणारी, म्हणजे सायप्रिनस आणि मरळ. सांडपाणी मिळतं त्या जागेच्या वरचे आणि खालचे, दोन्ही हवेत. वरचे नसतील तर तुलना कशाशी करणार? प्रत्येकाची लांबी, वजन, जागा, तारीख, वेळ लिहा. तेलाळ रसायन तपासायचं असेल तर अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. धातू तपासायचे असतील तर उलट, स्वच्छ प्लास्टिकची पिशवी. मासा साफ करू नका, धुऊन पोट फाडू नका. बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवता येत नसेल तर गोठवा. त्याच जागेचं पाणी आणि मूठभर गाळ त्याच दिवशी घ्या. प्रयोगशाळेला दोन गोष्टी लेखी सांगा: चरबीचं प्रमाण मोजा, आणि मोजणीची मर्यादा रिपोर्टवर छापा.